सायकलसाठी गाव निवडले, हे खरे आहे

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी फोनवर विचारला आहे आणि गेल्या महिन्यात सुनेच्या माहेरच्यांनीही विचारला, म्हणून एकदाच सविस्तर लिहीत आहे. निवृत्तीनंतर ठाणे सोडून गुहागर तालुक्यात घर घेताना आम्ही दवाखाना, नातेवाईक, बाजार हे सगळे बाजूला ठेवून फक्त मला सायकल चालवता यावी एवढेच पाहिले का? फक्त तेवढेच पाहिले नाही, पण सर्वांत आधी तेच पाहिले. आजवर मी हे कबूल केले नव्हते. हवा चांगली आहे, समुद्र जवळ आहे, अशी उत्तरे देत राहिले, कारण साठीच्या बाईने सायकल हे कारण सांगितले की समोरचा माणूस पुढचे ऐकूनच घेत नाही.

गावाचा शोध तीन वर्षे चालला होता. आधी अलिबागचा विचार होता. 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, म्हणजे मोटारी वाहून नेणारी बोट, सुरू झाली, मुंबईच्या मोटारी थेट अलिबागजवळच्या मांडव्याला उतरू लागल्या आणि तो विचार मी सोडून दिला. दापोलीची हवा आम्हा दोघांनाही मानवली असती, पण शनिवार-रविवारी हर्णै-मुरुडच्या अरुंद रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या कोपर घासून जातात. मुंबई-गोवा महामार्गालगतचे गाव तर मी यादीतच घेतले नाही. 2011 मध्ये चौपदरीकरणाला हात घातलेला तो रस्ता इतक्या वर्षांत कुठे गुळगुळीत तर कुठे उखडलेला असाच पाहिला, आणि गुळगुळीत भागात ट्रेलर ज्या वेगाने जातात त्याच्या शेजारी सायकल चालवण्याचे धाडस माझ्यात नाही.

किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो, हा तुमच्यापैकी बहुतेकांचा समज आहे. तो तसा नसतो. मोडकाआगरहून पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळच्या जेटीपर्यंत जाताना रस्ता पुन्हा पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढतो आणि पुन्हा पुन्हा एखाद्या खाडीपाशी किंवा नारळी-पोफळीच्या आगरात उतरतो. दीड-दोन किलोमीटरमध्ये शंभरेक मीटरचा चढ, वर जांभ्याचा उघडा सडा आणि समोरून समुद्रावरचा वारा, हा क्रम मला आवडतो. त्यासाठी मी मागचे गिअर बदलून घेतले आणि 25 मिलिमीटरचे टायर काढून 32 चे बसवले, कारण इथल्या पॅचवर्कच्या रस्त्यावर अरुंद टायरचे सगळे धक्के मनगटात उतरतात. खाऱ्या हवेत चेन आठवड्यात गंजायला लागते, तेव्हा ती दर दोन-तीन दिवसांनी पुसून तिला तेल द्यावे लागते. या त्रासाबद्दल माझी तक्रार नाही.

आता एका वहीबद्दल लिहिणे भाग आहे. जानेवारी 2021 मध्ये, घराचा व्यवहार करण्याआधी, मी याच रस्त्यावरच्या एका मोरीवर सकाळी साडेसहा ते साडेसात बसून जाणारी-येणारी वाहने वहीत लिहिली होती. तासाभरात नऊ वाहने गेली: दूधवाल्याची मोटारसायकल, दोन रिक्षा, एक चिऱ्यांचा ट्रक, सातच्या सुमारास वस्तीची एसटी आणि आणखी चार दुचाक्या. त्या नऊच्या आकड्याचा मला अभिमान वाटला होता आणि घर घेऊ या असे मी यजमानांना त्याच दिवशी सांगितले.

जून 2022 मध्ये, मृग लागून आठवडा झाला असताना, त्याच मोरीच्या अलीकडच्या उतारावर मी पडले. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि रस्त्यासाठी कापलेल्या दरडीतून तांबडी माती वाहून येऊन वळणावरच्या डांबरावर पसरली होती. उजेड पुरता नव्हता, ओल्या डांबराचा आणि मातीचा रंग मला वेगळा दिसला नाही, पुढचा ब्रेक दाबला आणि चाक सरकले. डाव्या खांद्यावर पडल्याबरोबर आत काहीतरी तुटल्याचे मला समजले. सव्वासहा वाजले होते. मोबाइलला रेंज नव्हती. मी गटाराच्या कडेला पाठ टेकून बसले आणि मदत कधी येईल याचा हिशेब करू लागले. तो करता आला, कारण वही मला पाठ होती. पहिली दूधवाल्याची मोटारसायकल यायला हवी होती, पण ती त्या दिवशी आली नाही. रिक्षाही आली नाही. ज्या निवांत रस्त्यासाठी मी तीन वर्षे हिंडले होते, तो तंतोतंत माझ्या वहीत लिहिल्याप्रमाणे निवांत होता.

सात वाजता एसटी आली. चालक आणि वाहक दोघांनी मला उचलून पुढच्या बाकावर बसवले, सायकल मागच्या दाराशी आडवी ठेवली. मासळी आणायला निघालेल्या एका बाईने रिकाम्या पाटीखालची चुंबळ सोडली, त्या फडक्याची झोळी करून माझा हात गळ्यात बांधला आणि गुहागर येईपर्यंत माझे कोपर खालून धरून ठेवले. तिथून चिपळूण सुमारे 45 किलोमीटर. भाड्याच्या गाडीत प्रत्येक खड्डा मला मोजता आला. कॉलरबोन मोडले होते. सहा आठवडे हात झोळीत होता आणि त्या सहा आठवड्यांत तुमचा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला.

माझी बाजू अशी की 2016 मध्ये घोडबंदर रस्त्यावर एका टेम्पोचा आरसा लागूनही मी पडले होते. इथे मला कोणी पाडले नाही. पण तिथे पाच मिनिटांत पंधरा माणसे गोळा झाली होती आणि दवाखाना समोरच होता, हेही मी लपवत नाही. वाहने मोजणारी ती बाई मला आज भेटली तर मी तिला सांगेन की जानेवारीतली कोरडी सकाळ पाहून जूनचा रस्ता ठरवू नकोस, आणि तू जी वाहने नकोत म्हणून मोजते आहेस, त्यांतलेच एखादे तुला हवे असेल. ती ऐकेल असे वाटत नाही. मीही तिचे घर विकायला तयार नाही. मुलगा दर महिन्याला ठाण्यात परत या म्हणतो. यजमान काही म्हणत नाहीत, पण मी वेळणेश्वरला पोहोचल्याचा फोन येईपर्यंत ते चहा घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

पावसाळ्यात आता मी उजाडल्याशिवाय निघत नाही. या जूनमध्ये पुन्हा वही घेऊन त्याच मोरीवर बसले होते. साडेसहा ते साडेसात या तासात चौदा वाहने गेली. हा आकडा पाहून मी आधी खट्टू झाले आणि मग मला बरे वाटले, की आधी बरे वाटले आणि मग खट्टू झाले, हे मला घरी येईपर्यंत ठरवता आले नाही.