इंग्लंडमध्ये सोशल वर्करचं रजिस्ट्रेशन टिकवताना : माझा अनुभव

महाराष्ट्रातून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून इंग्लंडला येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे मला फोन येतात. व्हिसा, भाषेची परीक्षा, पदवीचे कागद हे सगळं विचारून झालं की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, तिथे दरवर्षी परीक्षा असते म्हणे? किती तासांचा कोर्स करावा लागतो?"

परीक्षा नसते आणि तासही कोणी मोजत नाही. पण रजिस्ट्रेशन दरवर्षी नवं करावं लागतं आणि त्यासाठी आपण वर्षभरात काय शिकलो हे लिहून द्यावं लागतं. यालाच इथे सीपीडी (कंटिन्युइंग प्रोफेशनल डेव्हलपमेंट) म्हणतात. आपल्याकडून येणाऱ्याला हे नवं वाटतं, कारण भारतात डॉक्टर, वकील, नर्स यांना कायद्याने स्थापन झालेली परिषद आहे, समाजकार्याला स्वतःची वेगळी परिषद मात्र अजून नाही. एकदा पदवी मिळाली की झालं. पुढे शिकायचं की नाही हे संस्थेवर, वरिष्ठांवर आणि ज्याच्या त्याच्या उमेदीवर. इंग्लंडमध्ये 2005 पासून रजिस्टरवर नाव असल्याशिवाय स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घेता येत नाही. हे रजिस्टर डिसेंबर 2019 पासून सोशल वर्क इंग्लंड ही संस्था सांभाळते. (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या संस्था वेगळ्या, त्यांचे नियमही वेगळे.)

रिन्यूअलची मुदत 1 सप्टेंबर ते 30 नोव्हेंबर. अर्ज भरायचा, फी भरायची आणि सीपीडीच्या किमान दोन नोंदी ऑनलाइन खात्यात टाकायच्या. दोन्हींचा विषय वेगळा हवा आणि त्यातली निदान एक तरी कुणा सहकाऱ्याशी चर्चा करून लिहिलेली हवी. नोंदींपैकी काही दरवर्षी चिठ्ठी काढल्यासारख्या निवडून तपासल्या जातात. कागदावर एवढंच.

पहिल्या वर्षी मी ट्रेनिंगची सर्टिफिकेटं जपून एका फोल्डरमध्ये ठेवत होते. आपल्याकडे शिबिर झालं की प्रमाणपत्र फाइलला लावायची सवय असतेच. फॉर्म उघडला तेव्हा कळलं की त्यात प्रश्न असतो तो शिकण्याने तुमच्या कामात काय बदललं आणि ज्यांच्यासाठी काम करता त्यांना त्याचा काय उपयोग झाला, हा. दिवसभराचं ट्रेनिंगही चालतं, वाचलेला न्यायालयाचा एक निकालही चालतो आणि सुपरव्हिजनमधली, म्हणजे वरिष्ठांसोबतच्या बैठकीतली, एखादी चर्चासुद्धा. मला ही पद्धत मनापासून आवडते. तास मोजले असते तर लोकांनी तास भरले असते.

माझं काम प्रौढांच्या टीममध्ये, बहुतेक हॉस्पिटलमधून घरी जाणाऱ्या वृद्धांचं. इथला रोजचा कायदा म्हणजे मेंटल कपॅसिटी ॲक्ट 2005. माणूस स्वतःचा निर्णय घ्यायला सक्षम आहे असंच धरून चालायचं, त्याला निर्णय घेता यावा म्हणून शक्य ती सगळी मदत करायची आणि त्याचा निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटत नाही म्हणून त्याला अक्षम ठरवायचं नाही. वाचायला सोपं आहे. या कायद्याच्या 2007 च्या मार्गदर्शिकेत तपासणीचा क्रम असा होता की आधी मेंदूचा किंवा मनाचा काही आजार आहे का ते पाहायचं, मग निर्णय घेता येतो का ते. 2021 मध्ये इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जेबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात क्रम उलटा सांगितला. आधी हा विशिष्ट निर्णय या माणसाला घेता येतो का ते पाहा. येत नसेल तरच ते आजारामुळे आहे का ते विचारा. माझी एक नोंद या निकालावर होती. फाइलवर पहिल्याच ओळीत डिमेन्शिया दिसला की पुढचं सगळं त्याच चष्म्यातून दिसायला लागतं, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

दुसरी नोंद एका पंजाबी आजींमुळे लिहिली गेली. तपशील बदलून सांगते. स्मृती कमी झालेली, पडून हाड मोडलेलं, घरी परत जायचा हट्ट. मुलगा आईसाठी केअर होम शोधत होता आणि आमच्या भेटीत दुभाष्याचं कामही तोच करत होता. त्याची काळजी खरी होती. आपल्याकडेही म्हाताऱ्या माणसाबद्दलचा प्रश्न डॉक्टर मुलालाच विचारतात, त्यामुळे मला त्यात वावगं काहीच वाटेना. वॉर्डातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टशी (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी तज्ज्ञ) मी या केसवर सविस्तर बोलले. ही चर्चा सोशल वर्करशीच करावी असं बंधन नाही, दुसऱ्या व्यवसायातला सहकारीही चालतो. तिने एकच विचारलं, मुलगा खोलीत असताना आजी किती बोलतात आणि नसताना किती?

पुढची भेट आम्ही सकाळी ठेवली, कारण दुपारनंतर आजी थकायच्या. कानातलं मशीन लावून घेतलं, बाहेरचा दुभाषी बोलावला. आजींनी सांगितलं की मी पुन्हा पडू शकते, रात्री पडले तर कोणी नसेल, हे मला कळतंय, आणि तरी मला माझ्या घरात राहायचंय. धोका समजला, लक्षात राहिला, तोलला आणि बोलून दाखवला. कायदा एवढंच मागतो. मग मुलाशी बसून बोललो. दिवसातून चार वेळा घरी येणारी केअरर (काळजी घेणारी व्यक्ती), गळ्यात अलार्मचं बटण आणि काही आठवड्यांनी फेरआढावा, यावर त्याचीही तयारी झाली.

थेरपिस्टचा तो प्रश्न कुठल्याही ट्रेनिंगच्या स्लाइडवर नव्हता. सहकाऱ्याशी चर्चेची अट नसती तर कामाच्या गर्दीत मी तिच्याजवळ बसलेच नसते. म्हणूनच मला वाटतं की दोनपैकी एक नव्हे, दोन्ही नोंदींना ही अट हवी. आणि टीमने त्यासाठी वेळ राखून ठेवला पाहिजे. केसेस इतक्या असतात की ही चर्चा सगळ्यात आधी पुढे ढकलली जाते. महाराष्ट्रातल्या संस्थांमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणींनाही मी हेच सांगते. महिन्यातून एकदा दोघींनी एका केसवर तासभर बसायला कुठल्या परिषदेची वाट पाहायची गरज नाही.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. नोंद वर्षात कधीही टाकता येते, नोव्हेंबरची वाट पाहू नका. घटना ताजी असताना लिहिलेलं वेगळंच उतरतं. माणसाचं नाव, पत्ता, वॉर्ड, ओळख पटेल असं काहीही लिहू नका. इंग्रजी भारदस्त नसलं तरी चालतं. ट्रेनिंगच्या माहितीपत्रकातलं उचलून टाकू नका. चर्चा झाल्या दिवशीच सहकाऱ्याने काय विचारलं ते दोन ओळींत टिपून ठेवा, फॉर्ममधल्या 'कामात काय बदललं' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.