त्या रात्री फोन मीच लावला

सोयाबीनची काढणी संपत आली होती, तेव्हा एका रात्री साडेअकराच्या सुमारास गावाकडून मावसभावाचा फोन आला. "ताई, आईकडे लक्ष दे," एवढेच बोलून तो गप्प झाला. आवाजात रडू नव्हते, होता तो एक विचित्र शांतपणा, आणि त्यानेच माझ्या पोटात गोळा आला. मी आडवळण न घेता विचारले, "तुझ्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं येतंय का?" थोड्या वेळाने तो "हो" म्हणाला आणि मग मात्र ओक्साबोक्शी रडला. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. विचार विचारण्याने रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते, असे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात, आणि ते खरे असल्याचे मी त्या रात्री ऐकले.

त्याचा फोन चालू ठेवून मी यजमानांच्या फोनवरून मावशीला उठवले, त्याच्याजवळ बसायला सांगितले आणि फवारणीची औषधे असलेल्या कोठीला कुलूप लावून किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायला लावली. मनातली लाट ओसरेपर्यंत हाताशी काही नसणे, यानेही जीव वाचतो.

मग मी १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा क्रमांक लावून त्याला त्या संभाषणात जोडून घेतले. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येते. आधी भाषा निवडायला सांगणारा ध्वनिमुद्रित आवाज येतो. तेवढा वेळ अशा घडीला फार लांब वाटतो, पण फोन ठेवू नये. नंतर आलेल्या समुपदेशक बाईंनी उपदेशाचा एक शब्दही काढला नाही. जेवलास का, जवळ कोण आहे, झोप किती दिवसांपासून नाही, असे त्या सावकाश विचारत गेल्या. कर्जाचा विषय त्याने स्वतःहून काढला. तो क्रमांक त्याने एकट्याने कधीच लावला नसता, कारण त्या अवस्थेतील माणसाला साधे पाच आकडे दाबणेही डोंगराएवढे वाटते. म्हणूनच मला कळकळीने वाटते की "हेल्पलाइनला फोन कर" असे सांगून आपण बाजूला होऊ नये, तो आपणच लावावा.

कुणी काही करून बसले असेल, तर मात्र समुपदेशनाची वाट न पाहता १०८ वर रुग्णवाहिका बोलावून जवळचे रुग्णालय गाठले पाहिजे. तिथे घरच्यांना अडवते ती "केस होईल" ही भीती. आमच्याही एका वडीलधाऱ्यांनी सकाळी आधी हेच म्हटले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचे कलम ११५ असे सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असेच एरवी धरले जावे आणि तिला शिक्षा होऊ नये. तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. हा कायदा २०१८ पासून लागू आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे जुने ३०९ कलम उरलेले नाही. रुग्णालय पोलिसांना कळवते, तो नोंदीचा भाग असतो. त्यासाठी उपचार थांबवायचे नसतात.

धोका घरातल्याच माणसाकडून असेल, तर मार्ग वेगळा. तिथे मारणाऱ्यासमोर फोन करणे घातक ठरू शकते; शेजारच्या घरातून, दवाखान्यातून, जमेल तिथून आपत्कालीन मदतीचा ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावावा. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचे कारण पुढे करून परत पाठवता येत नाही.

मावसभाऊ आता दर महिन्याला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात जातो, गोळ्या वेळेवर घेतो. कर्ज फिटलेले नाही. कोठीची किल्ली अजून काकूंकडेच असते. फवारणीच्या दिवशी तो ती मागून नेतो आणि दिवेलागणीच्या आधी परत आणून देतो.