लॅक्टेटची मोहोर

दिवसभर खुरपणी करून घरी आली की माझी आजी "अंग आंबून गेलं बघ" म्हणत असे. पुढे महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवताना मीही अनेक वर्षे फळ्यावर तेच लिहीत आलो: स्नायूंना ऑक्सिजन पुरेना झाला की ग्लुकोजपासून लॅक्टेट, म्हणजे दुग्धाम्लाचे रूप, तयार होते, ते साचते आणि अंग आंबते. यातला शेवटचा भाग चुकीचा आहे. श्रमात तयार झालेले लॅक्टेट साधारण तासाभरात ओसरते आणि दुसऱ्या दिवशी जे दुखते ते स्नायुतंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. बर्कलीच्या जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८०च्या दशकापासून आग्रहाने मांडले की लॅक्टेट हा टाकाऊ माल नसून एका पेशीने दुसरीला पुरवलेले इंधन आहे. हृदय ते जाळते आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते.

हे सारे मी पुन्हा नीट वाचायला घेतले ते मामांच्या पेट स्कॅनमुळे, म्हणजे शरीरात ग्लुकोज कुठे जास्त ओढले जाते ते दाखवणाऱ्या तपासणीमुळे. किरणोत्सारी ग्लुकोजची सुई देण्याआधी त्यांच्या बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासली आणि मग अंधाऱ्या खोलीत पांघरूण घालून तासभर न बोलता, न हलता पडून राहायला सांगितले, कारण हललेला स्नायूसुद्धा ते ग्लुकोज ओढून घेतो आणि चित्रात उगाच उजळतो. नंतर पाहिलेल्या चित्रात मेंदू आणि मूत्राशय नेहमीप्रमाणे उजळलेले होते, आणि उजव्या फुप्फुसात एक ठिपका होता.

तो ठिपका दिसतो त्यामागे १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यांनी नोंदवलेले निरीक्षण आहे. ऑक्सिजन उपलब्ध असतानाही कर्करोगाच्या गाठीतील पेशी भराभर ग्लुकोज ओढतात आणि त्याचे लॅक्टेट करून बाहेर टाकतात. एका ग्लुकोजमागे या वाटेने एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, अवघे २ रेणू हाती लागतात, तर पूर्ण ज्वलनातून सुमारे ३०. कर्कपेशींची मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरे, बिघडलेली असावीत, असे वारबुर्ग यांना वाटले; मात्र बहुतेक गाठींत ती काम करत असल्याचे पुढे दिसून आले. भरधाव वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच नव्या पेशी बांधायला कच्चा माल लागतो आणि तो या वाटेवर मिळतो, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. निरोगी माणसाच्या रक्तात विश्रांतीच्या वेळी लिटरमागे साधारण १ मिलिमोल लॅक्टेट असते, तर गाठीच्या आत ते १० मिलिमोलच्याही वर जाऊ शकते. त्यासोबत बाहेर पडणारी आम्लता कर्कपेशींवर चालून येणाऱ्या टी पेशी या प्रतिकारक पेशींना नामोहरम करते.

इथपर्यंतची गोष्ट जुनी आहे. २०१९ साली शिकागो विद्यापीठातील यिंगमिंग झाओ आणि सहकाऱ्यांनी जे दाखवले त्याने माझी समजूत मुळापासून हलवली. आपल्या बहुतेक प्रकारच्या पेशींत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती रिळावर दोरा गुंडाळावा तसा गुंडाळलेला असतो. या हिस्टोनमधील लायसीन या अमिनो आम्लावर लॅक्टेटचा अंश जाऊन बसतो, हे त्यांना वस्तुमानातील ७२ डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) वाढीवरून ओळखता आले आणि अशा २८ जागा त्यांनी नोंदवल्या. यालाच लॅक्टिलेशन म्हणतात. लायसीनवरचा धनभार त्यामुळे झाकला जातो, तेथील जनुके वाचली जाऊ लागतात आणि पेशीने काय खाल्ले याची मोहोर तिच्या जनुकांच्या कारभारावर उमटते.

मॅक्रोफेज या प्रतिकारक पेशींत हे फार सुंदर दिसते. जंतूंची चाहूल लागताच त्या पेटून उठतात, ग्लुकोज जाळतात, लॅक्टेट साचू लागते. आणि बऱ्याच तासांनी त्याच लॅक्टेटची मोहोर जखम भरून काढणाऱ्या जनुकांवर उमटते. लढाई आटोपून डागडुजीला लागण्याचा निरोप लढाईतूनच निघालेला असतो. गाठीत मात्र लॅक्टेट कधी ओसरतच नाही, त्यामुळे तिथल्या मॅक्रोफेज पेशी शत्रूच्याच घराची डागडुजी करत राहतात.

मोहोर केवळ हिस्टोनवर उमटते असेही नाही. एएआरएस१ या विकराचे (एन्झाइमचे) नेहमीचे काम अ‍ॅलनीन हे अमिनो आम्ल, प्रथिने बनवताना अमिनो आम्ले आणून देणाऱ्या वाहक आरएनएवर चढवण्याचे. लॅक्टेटची घडण अ‍ॅलनीनशी मिळतीजुळती असल्याने तो लॅक्टेटही पकडतो आणि पी५३ या गाठींना आवर घालणाऱ्या प्रथिनावर नेऊन बसवतो, ज्यामुळे पी५३ची डीएनएवरील पकड ढिली होते. हे २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी एनबीएस१ या डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनावरील लॅक्टिलेशन आणि केमोथेरपीला न जुमानणाऱ्या पेशी यांचा संबंधही समोर आला. अल्झायमरच्या अभ्यासात मेंदूतील मायक्रोग्लिया या प्रतिकारक पेशींतही अशीच मोहोर आढळली आहे.

तरीही लॅक्टेट बंद पाडले की कर्करोग संपला, असे म्हणण्याची घाई कोणी करू नये, असे मला कळकळीने वाटते. लॅक्टेट हृदयालाही हवे असते आणि ही मोहोर उमटवणारे पी३००सारखे विकर इतरही अनेक कामे करतात. त्यामुळे नेमक्या एका प्रथिनावरची मोहोर रोखणे हाच शहाणपणाचा, पण अवघड मार्ग दिसतो.

घरात मात्र प्रश्न वेगळेच होते. "साखर पूर्ण बंद करू का? आणि दही? ते तर दुग्धाम्लच ना?" असे मामींनी मला विचारले. साखर तोडून गाठ उपाशी राहत नाही, कारण स्नायूंमधली प्रथिने मोडून निघालेल्या अमिनो आम्लांपासून यकृत ग्लुकोज बनवतच राहते आणि केमोथेरपीत आधीच उतरलेले वजन आणखी उतरते, हे मी त्यांना सांगितले. गाठीतले लॅक्टेट गाठ स्वतः तयार करते, त्याचा विरजणाशी काही संबंध नाही, हेही सांगितले आणि आहाराबाबत डॉक्टरांना विचारून घ्यायला लावले. डॉक्टरांनी घरी ताजे लावलेले दही चालेल म्हटल्यावर मामींनी तीन आठवड्यांनी पुन्हा विरजण लावले आणि दुसऱ्या दिवशी मामांनी वाटीभर दहीभात खाल्ला.