मलप्रभा, भाग दोन : पत्र्यावरच्या पावसाचं शेवटी धरण झालं

शाळेतल्या मुलांबरोबर मलप्रभा नदीवर श्रुतिका करतोय, त्यातला भाग दोन एकदाचा हातावेगळा झाला. मागच्या नोंदीत मी जूनअखेर म्हटलं होतं, आता ऑगस्ट सरत आला. खानापूर तालुक्यात पत्र्याखाली बसून आवाज मुद्रित करणाऱ्याने तारखा द्यायच्या नसतात, हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक आहे. उरलेले निम्मे बेळगावात स्लॅबखाली बसतात, त्यांना सांगून काय पटणार.

आराखडा तोच आहे. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा कूडलसंगमला कृष्णेला मिळेपर्यंत पाच श्रुतिका. मुलं शनिवारच्या वाचनतासाला नकाशे, जुनी मासिकं, भूगोलाची पुस्तकं उलगडून माहिती काढतात, संवाद लिहितात, स्वतःच बोलतात आणि आवाजही स्वतःच काढतात. आवाज काढायला शाळेच्या आवाराबाहेरची वस्तू वापरायची नाही, हा नियम अजून मोडलेला नाही.

आता रडगाणं. आमचं ग्रंथालय म्हणजे कौलारू इमारतीला मागून जोडलेली पत्र्याची खोली. पाऊस ऐकू येतो याचं मला वावडं नाही. कणकुंबीच्या प्रसंगात पाऊस नसेल तरच ऐकणारा दचकेल. त्रास आहे जोडकामाचा. नावाड्याचं वाक्य रिमझिम चालू असताना घेतलं, त्याला उत्तर देणाऱ्या आजीचं वाक्य सर कोसळत असताना. दोन्ही शेजारी लावली की नावाडी बोलताना श्रावण आणि आजीने तोंड उघडलं की आषाढ. वाक्यागणिक पाऊस उड्या मारतो. त्यात मोबाइलचं ऑटो गेन. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की फोनला वाटतं आवाज कमी पडला, मग तो आपण होऊन संवेदनशीलता वाढवतो आणि त्या फटीत पाऊस फुगून वर येतो. गेन हाताने ठरवू देणारं अ‍ॅप घातल्यावर हे दुखणं गेलं. उड्या मात्र तशाच.

ऑडॅसिटी या आवाज जोडायच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन, म्हणजे गोंगाट कमी करायची सोय वापरा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. त्या सोयीला आधी नुसत्या गोंगाटाचा तुकडा दाखवायचा असतो, मग ती तेवढाच गोंगाट सगळीकडून वजा करते. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची गुणगुण यांना ती रामबाण आहे, कारण ते आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे असतात. पत्र्यावरचा पाऊस क्षणाक्षणाला बदलतो, शिवाय खर्जापासून टिपेपर्यंत पसरलेला असतो, म्हणजे ज्या पट्ट्यात मुलांचे आवाज आहेत तो पट्टाही त्याने व्यापलेला. थोडं वजा केलं तर पाऊस राहतो, जास्त केलं तर मुलगा विहिरीत बसून बोलतोय असं वाटतं. शंभर हर्ट्झखालचा खर्ज कापून टाकला, तेवढी पत्र्याची घुमघुम गेली. बस्स, तेवढंच.

शहरातल्या एका दुकानदाराने खाचाखाचांचा काळा फोम ‘साउंडप्रूफ’ म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न केला. असला फोम खोलीतला घुमारा थोडा कमी करतो, छपरातून येणारा आवाज अडवायची ताकद त्याच्यात नसते. आवाज अडवायला वजन लागतं. घुमाऱ्याचंच म्हणाल तर घरोघरच्या जुन्या वाकळी दोरीवर टांगल्या की तेच काम फुकटात होतं, आणि वाकळ धुताही येते. आवाज अडेल म्हणून भिंतीला लावतात त्या अंड्यांच्या ट्रेबद्दल मी आता बोलणार नाही. ज्यांनी लावलेत त्यांनी खुशाल लावावेत.

बिनवायरचा स्वस्त कॉलर माइकही एकाने आणून दिला. त्याच्यात म्हणे गोंगाट गाळायची सोय आपोआप. गोंगाटाबरोबर तो शब्दांच्या शेपट्याही गाळतो. ‘आलो’चं ‘आल’ आणि ‘गेलो’चं ‘गेल’. परत केला.

मग छपरावर पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, घालायची कल्पना निघाली. पातळ पत्रा थेंबाच्या माऱ्याने थरथरतो म्हणून वाजतो. थेंब पत्र्यावर पोचण्याआधीच फोडला तर? मुख्याध्यापकांनी हो म्हटलं, पालकांनी दोन भारे आणून दिले, वर जुनं मासे धरायचं जाळं ताणून बांधलं. आणि खरं सांगतो, जमलं! तडतड जाऊन मंद धपधप उरली. भाग दोनमधला असोग्याच्या देवळापाशी दोन भाऊ भांडतात तो प्रसंग त्या छपराखालचा आहे, ऐकून बघा. पण इथल्या पावसात पिंजर वाळणार कधी? कुजून वास सुटला, ओल भिंतीतून उतरायला लागली आणि त्याच भिंतीला गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट. पुस्तकांना बुरशी धरली तर श्रुतिका कसल्या करताय. त्याच शनिवारी सगळं खाली काढलं. शेजारच्या म्हशीने कुजट सोडून उरलेलं नेटाने संपवलं.

शेवटी जी वाट सापडली ती जुनीच आहे. आमच्या घरी आकाशवाणी सांगली लागायची तेव्हापासून कानात बसलेली. तुकडे करायचेच नाहीत. अख्खा प्रसंग एका दमात, सगळी पात्रं एकाच माइकभोवती उभी, ज्याचं वाक्य त्याने पुढे सरकायचं आणि बोलून मागे हटायचं. माइक तोंडापासून एक फुटावर होता तो अर्ध्या फुटावर आणला. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने चढतो आणि पाऊस आहे तिथेच राहतो, हा हिशेब मुलांनी मीटरवर बघून स्वतः पडताळला. इतक्या जवळून ‘फ’ आणि ‘भ’ माइकवर फुटतात, म्हणून बाईंच्या भरतकामाच्या रिंगीत जुनं पातळ कापड ताणून मध्ये धरलं आणि माइक जरा तिरका केला. ‘भटजी’ आता सुखरूप उच्चारता येतो.

तरी दोन प्रसंगांमध्ये सांधा येतोच. तिथे पावसाचीच चादर पांघरायची. पाच मिनिटं कुणी हूं की चूं करायचं नाही, नुसता पाऊस मुद्रित करायचा आणि तो सलग पट्टा सगळ्या प्रसंगांखालून न कापता न्यायचा. मूळ मुद्रणातल्या उड्या त्याखाली बुडतात. पाच मिनिटं गप्प बसण्यासाठी पाचवीच्या वर्गाला किती गोष्टींचं आमिष दाखवावं लागलं, ते तुम्हाला सांगायला नको.

आता खरी गंमत. भाग दोन संपतो नविलतीर्थाच्या धरणावर, सौंदत्तीला. कणकुंबीच्या डोंगरातून निघालेली नदी तिथे पोचेपर्यंत पाऊस पार विरळ झालेला असतो. तिथल्या संवादाखाली खानापूरची संततधार वाजवली तर भूगोलाच्या सरांना तोंड कसं दाखवायचं? मी हा शेवट दिवाळीनंतर घेऊ म्हणून बाजूला ठेवला होता. सातवीतल्या एका मुलीला राक्षसाचा आवाज करायचा होता. स्पीड निम्मा केला (टेम्पो नव्हे, स्पीड; टेम्पोने पट्टी उतरत नाही) की आवाज एक सप्तक खाली जातो, हे तिला माहीत होतं. तिने स्वतःच्या आवाजाऐवजी निवडला मात्र तो पावसाचा पट्टा. आणि लाउडस्पीकरमधून जे गडगडत बाहेर आलं ते ऐकून मागचा एक जण ओरडला, “सर, ह्यो पाऊस न्हवं की! धरणाचं दार उघडल्यागत वाटायलंय!”

वाटायलंच होतं. तोच पत्रा, तोच पाऊस, निम्म्या वेगाने. मग त्याच्या दोन प्रती केल्या, दुसरी काही सेकंद मागे सरकवली म्हणजे तोच तोच ठेका कानाला सापडत नाही, वरचा चरचरीत भाग छाटला आणि हळूहळू चढवत नेला. यल्लम्माला जाताना घरच्यांबरोबर धरण बघून आलेल्या मुलांनी शिक्कामोर्तब केलं. ज्या पावसाने सगळा उन्हाळी बेत धुऊन नेला, तोच आता दारं उघडल्यावरचं पाणी म्हणून वाजतोय. आणि पाण्याचा एवढा लोंढा वाजत असताना संवादामागचा खरा पाऊस कोण हुडकायला जातोय.

भाग एकमधली बुडणारी घंटा कशी केली, असं बऱ्याच जणांनी विचारलं. पावसाळ्यात हब्बनहट्टीचं मारुतीचं देऊळ पाण्याखाली जातं, त्या प्रसंगासाठी ती हवी होती. अक्षरदासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकघरातला स्टीलचा तांब्या दोरीने लटकवून वाजवायचा आणि वाजता वाजता भरल्या बादलीत बुडवायचा. नाद उतरत जातो. तांब्या पातळ हवा, जाड पितळी असेल तर इतका उतार मिळत नाही. चिखलातली पावलं म्हणजे घमेल्यात भिजवलेली वर्तमानपत्रं. बगळ्याची फडफड म्हणजे जुन्या हजेरीपटाचं सुटं झालेलं पुठ्ठ्याचं कव्हर. नवं कव्हर नुसतं फटफटतं.

ऐकण्याचा कोपराही चालू झाला. मेमरी कार्डवाला जुना बटणांचा फोन, दोरीने कपाटाला बांधलेला, हेडफोनसकट. त्याची नोंद पुस्तकांच्याच रजिस्टरात होते. स्मार्टफोन ठेवला असता तर मुलं तिसऱ्या मिनिटाला क्रिकेटवर पोचली असती. ऐकून झालं की मुलं नेतात, त्यामुळे नकाशांचं पुस्तक सध्या कपाटात टिकत नाही, एवढं कळवतो.

पुढचं. भाग तीन रामदुर्गकडचा आणि भाग चार बदामी, पट्टदकल, ऐहोळेचा. हे दोन्ही कोरड्या मुलखातले, आणि तिथे दर वेळी धरण वाजवता येणार नाही. चांगल्या रेकॉर्डरसाठी वर्गणी काढायचं मनात होतं, पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की पैसे राहू देत. सुगी आटोपली की छप्पर गप्पच असतं, तेव्हा मुद्रण करू. तोपर्यंत भाग तीन परिपाठानंतर जिवंत सादर करायचा, पडद्याआडून. नाही, पडदाही नको. तांब्या, घमेलं, हजेरीपट हे सगळं दिसू दे. पहिली-दुसरीतल्या पोरांना तेच बघायचं असतं, चोरून बघतातच. आणि भाग चारमध्ये पट्टदकलची देवळं दाखवणारा वाटाड्या कन्नडमध्येच बोलेल, तर ती वाक्यं आमच्या मुलांनी घोकण्यापेक्षा शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलांनी लिहावी आणि बोलावी. तिथल्या बाईंना उद्या विचारतो. पट्टदकल १९८७पासून जागतिक वारसा यादीत आहे, हे आमच्या संवादवहीत वाटाड्या तीनदा सांगतो; ते तरी त्या मुलांनी कमी करावं.

एका ठिकाणी अडलोय. रामदुर्गच्या उन्हाळ्यातला कोरडा वारा हवा आहे. सुपात जोंधळे घोळवून पाहिले, तो पाऊसच होतो. ओढणी बाकाच्या कडेवरून ओढली तर किनाऱ्यावरची लाट वाटते. कागदी पिशवी फुंकली तर वारा कमी आणि मुलगाच जास्त ऐकू येतो. आवाराबाहेरची वस्तू चालणार नाही, हे धरून काही सुचत असेल तर शनिवारच्या आत कळवा.