उणे मोदक

गिरगावात माझ्या माहेरी, चाळीतल्या दोन खोल्यांत, काकू गणपतीला उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. मी डोंबिवलीत बारावी कॉमर्सच्या शिकवण्या घेते. हरतालिकेच्या रात्री मात्र काकूच्या हाताखाली. दोन वर्षांपूर्वी खोबरं खवता खवता तिने विचारलं, "दहा ऑर्डरी आहेत, एकवीस-एकवीसच्या. किती वळू गं?"

तिचा स्वतःचा हिशेब ठरलेला होता, दर एकविसामागे तीन जास्त. दहातला एक वाफेत चिरतो, हा अंदाजही तिचाच. मला राहवेना. हे तर सरळसरळ द्विपद वितरण: 24 मोदक, प्रत्येक एकतर चिरणार नाहीतर नाही, चिरण्याची संभाव्यता 0.1. नेमके तीन चिरायचे तर ते तीन कुठले, हे 2024 प्रकारे ठरू शकतं. त्याला 0.1 चा घन आणि 0.9 चा एकविसावा घात यांनी गुणलं की 0.221. शून्य, एक आणि दोन चिरण्याची संभाव्यता त्यात मिळवली की 0.786. म्हणजे पाचातल्या एका ऑर्डरला मोदक कमी पडणार.

"पण मी दहा डब्यांसाठी दहा वेगळ्या पराती थोड्याच मांडते?" काकू म्हणाली. बरोबरच होतं. सगळे एकत्र धरले तर 240 मोदक, आणि चिरलेले 30 पर्यंत चालतील. आता शून्य ते तीस अशा 31 पदांची बेरीज आली. प्रकार मोजायला फॅक्टोरियल लागतं, म्हणजे एकपासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर 70 फॅक्टोरियल मारा, तो तिथेच हात वर करतो. इथे 240 होते.

या कटकटीवर तोड काढली द म्वाव्हर या गणितज्ञाने, 1733 साली. फ्रान्समधून परागंदा होऊन लंडनला आलेला हा माणूस शिकवण्या घेऊन पोट भरायचा, त्यामुळे मला तो जरा घरचाच वाटतो. त्याने दाखवलं की नाणेफेकीची संख्या वाढवत नेली की द्विपदाच्या पायऱ्या एका घंटेसारख्या वक्राला जाऊन चिकटतात. पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने ते कुठल्याही संभाव्यतेसाठी मांडलं. आपण त्याला नॉर्मल म्हणतो, पाठ्यपुस्तक प्रसामान्य म्हणतं.

240 ला सरासरी 24, प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, 4.65. तीसपर्यंत हवेत म्हणून 30.5 घ्यायचे, कारण पायरी तीसच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी पसरलेली असते. झेड, म्हणजे सरासरीपासूनचं अंतर भागिले प्रमाण विचलन, आला 1.4, संभाव्यता 92 टक्के.

हा अर्धा माझी शिकवणीतली मुलं दरवर्षी विसरतात. त्यांना मी 24 मोदकांचंच उदाहरण देते. खरं उत्तर 78.6 टक्के, अर्धा घेऊन नॉर्मल 77.3 देतं, अर्धा विसरलात तर 65.8. वास्तविक इथे सरासरी फक्त 2.4, आणि पाचाच्या खाली सरासरी असेल तर नॉर्मल वापरू नये असं आम्हीच शिकवतो. का नाही, तेही याच उदाहरणात दिसतं. उणे अर्ध्याच्या डावीकडे वक्राचा 2.4 टक्के भाग सांडतो. म्हणजे शून्याहून कमी मोदक चिरण्याची शक्यता 2.4 टक्के! हे मी काकूला सांगितलं, तर ती म्हणाली, "ते उणे मोदक तू खा."

मी ऐटीत सांगितलं, 250 वळ. चाळीस चिरले तरी चालतील. नॉर्मलच्या हिशेबाने कमी पडायची शक्यता दहा हजारांत पाच.

पहाटे मोजले, तर 49 चिरलेले. नऊ कमी.

पिठी मध्येच संपली होती, तिसरी उकड नव्या पिशवीतल्या पिठीची काढली. पारी करतानाच कडा फाटत होत्या, मुखऱ्या पाडताना बोटाला ओल लागत नव्हती. मोदकपात्राचं झाकण काढलं तर हळदीच्या पानांवर सारण वाहिलेलं, गुळाचा पाक तळाशी. त्या एका उकडीचे 38 गेले, बाकी तिन्हींचे मिळून अकरा.

चूक नॉर्मलची नव्हती, अर्ध्याचीही नव्हती. मी प्रत्येक मोदकाला वेगळं नाणं धरलं होतं. पण मोदक एकेकटे चिरत नाहीत, उकड बिघडते आणि सगळी भावकी घेऊन जाते. नंतर लोकलमध्ये बसून मांडलं: चांगल्या उकडीत 5 टक्के चिरतात, दहातली एक उकड बिघडते आणि तिच्यात 55 टक्के चिरतात. सरासरी तीच, दहातला एक! पण चार उकडींत एक तरी बिघडण्याची शक्यता 34 टक्के, आणि एक बिघडली की सरासरी 44 मोदक गेले. दहा हजारांत पाच कुठे आणि हे कुठे.

काकूला हे समजावायची गरज पडली नाही. गेल्या वर्षीपासून ती प्रत्येक उकडीचा एकच मोदक आधी वाफवते, झाकण उघडून बघते, मग बाकीचे वळायला घेते. तो पहिला मोदक नैवेद्याआधी कुणी तोंडात घालत नाही. ताटलीत झाकून ठेवतो, आणि आरती झाली की तो माझा.