जामिनाच्या कागदावर आकडा हवा

आमच्या तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, सही माझ्या पाटीवर गिरवली. मी तेव्हा चौथीत होतो. आडनावातला ‘ळ’ त्यांना शेवटपर्यंत जमला नाही, तो आडव्या पडलेल्या आठासारखा यायचा. १९८७ च्या उन्हाळ्यात बँकेची नोटीस आली, तेव्हा सोबतच्या जामिनाच्या कागदाच्या झेरॉक्सवरचा तो ‘ळ’ मी उंबऱ्यातूनच ओळखला.

कर्ज बांधाशेजारच्या अण्णांचं होतं, विहिरीवरच्या इंजिनासाठी काढलेलं. अण्णा आदल्या वर्षी वारले. पोरं पुण्याकडं कामाला गेली, इंजिन तर त्याच्याही आधी विकलं होतं. जामीनदार दोन होते. दुसरा तालुक्याच्या गावी राहायला गेलेला, तात्या मात्र रोज त्याच रानात दिसणारे. वसुलीवाले सापडेल त्याच्याकडं जातात. ते तात्यांकडं आले. त्या वर्षी दावणीची बैलजोडी गेली, आईची बोरमाळ गेली, आणि मृगाची पेरणी आम्ही दुसऱ्याच्या बैलांवर, सावडीनं केली.

पुढं १९९१ साली मी विकास सोसायटीचा, म्हणजे गावात पीक कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा, गटसचिव झालो. दप्तर सांभाळायचं काम. नोकरीच्या पहिल्याच वर्षी १८७२ चा करार कायदा वाचायला घेतला, कारण जामिनाचं हे प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. म्हणजे बँकेनं आधी कर्जदाराच्या मागं लागलंच पाहिजे असं नाही, ती सरळ जामीनदाराचं दार वाजवू शकते. आणखी थोडं पुढं कलम १४६ आहे. एकाच कर्जाला दोन जामीनदार असतील आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर भार दोघांनी सारखा उचलायचा. म्हणजे तात्यांनी भरलेल्या पैशातला निम्मा त्या दुसऱ्या माणसाकडून मागता आला असता. नोटीस देणाऱ्यानं हे सांगितलं नाही, आणि आमच्या घरात विचारणारं कुणी नव्हतं. मी धावत जाऊन तात्यांना वाचून दाखवलं. ते गोठ्यात शेण भरत होते. म्हणाले, “चार वर्षं झाली रं. आता त्याच्या दारात कशाला जाऊ?”

सोसायटीच्या पाटीवर आमच्या गावाचं नाव, मग ‘विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी मर्यादित’ असं लिहिलेलं होतं. त्या शेवटच्या शब्दाकडं माझं पहिली काही वर्षं लक्षच गेलं नव्हतं. मर्यादित म्हणजे सोसायटी बुडाली तर सभासदाचं नुकसान त्याच्या शेअरच्या रकमेपुरतं. पण त्याच सभासदानं शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली, तर त्या सहीला अशी मर्यादा नाही. मुद्दल, व्याज, दंडव्याज, वसुलीचा खर्च, सगळं तिच्यामागं येतं.

एके काळी सोसायट्याही अमर्यादितच होत्या. दख्खनमध्ये १८७५ साली सुप्याला आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर सरकारनं कायदे केले, चौकश्या केल्या. मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकोल्सन यांनी अभ्यास करून जर्मनीतल्या रायफायझनच्या पतपेढ्यांकडं बोट दाखवलं. त्यातून १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला आणि १९०५ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कणगिनहाळला पहिली सोसायटी उभी राहिली. हे गाव आता कर्नाटकात, गदग जिल्ह्यात आहे. त्या कायद्यात ग्रामीण सोसायटीची जबाबदारी अमर्यादित ठेवली होती. एकानं बुडवलं तर सगळ्यांनी भरायचं. त्यामागचा विचार मला आजही पटतो. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखतात, कुणाच्या रानात पाणी किती आणि कोण जत्रेत पैसा उधळतो हे शेजाऱ्याला ठाऊक असतं. बँकेचा साहेब वर्षभर फिरला तरी त्याला ते कळायचं नाही. गरिबाकडं तारण नसतं, पण त्याच्याविषयीची माहिती असते, आणि ती शेजाऱ्याकडं असते.

फक्त त्या माहितीची किंमत म्हणून शेजाऱ्याचं अख्खं घर मागायचं का, हा माझा प्रश्न आहे. तेहतीस वर्षं मी लोकांना “इथं सही करा” म्हणून बोट दाखवलं. बहुतेकांनी काय लिहिलंय ते विचारलं नाही. नाही म्हटलं तर भावकीत वाकडं येतं म्हणून सही करायची, आणि उद्या आपल्यालाही जामीन लागणार म्हणून करायची. मार्च आला की नवं-जुनं व्हायचं. जुनं कर्ज कागदोपत्री भरलेलं दाखवून नवं उचलायचं, आणि तेच जामीनदार परत तिथंच. काहींना आपण नेमके कितीला जामीन आहोत हे दहा-दहा वर्षं माहीत नव्हतं. हे मी थांबवायला हवं होतं, निदान आकडा तरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवा होता. मी तो वाचला नाही.

शेजाऱ्यानं शेजाऱ्याची हमी घेण्याविषयीचं माझं मत पालटलं ते पाच माणसांमुळं. तिघं पुरुष, दोघी बाया, पाचही जण दुसऱ्याची जमीन खंडानं, म्हणजे ठरावीक मोबदल्यावर, करणारे. सोसायटीत त्यांना जागा नव्हती, कारण आमचं सगळं सातबाऱ्यावर चालतं. मालक लेखी करार देत नव्हते, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या धास्तीनं. त्यामुळं कसणारा एक आणि पीकपेऱ्यावर नाव दुसऱ्याचं. विनातारण पीक कर्जाची मर्यादा रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्ये १ लाख ६० हजार केली, १ जानेवारी २०२५ पासून ती २ लाख आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याला दारातूनच परत पाठवत असतील तर त्या मर्यादेचा काय उपयोग?

नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, अशा लोकांसाठीच संयुक्त देयता गटाची योजना आणली, २००६ पासून ती देशभर आहे. चार ते दहा जणांचा गट, एकाच गावचे, एका घरातला एकच. सगळे मिळून सगळ्यांच्या कर्जाची हमी देतात, सातबाऱ्याचं तारण लागत नाही. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात पहिल्या शाखेत आम्हाला “अशी योजना आमच्याकडं नाही” असं उत्तर मिळालं, दुसऱ्या शाखेत सात फेऱ्या झाल्या.

पण बँकेकडं जायच्या आधीच या पाच जणांनी एक गोष्ट केली, आणि ती त्यांना मी सुचवलेली नव्हती. जानेवारी २०१९ पासून प्रत्येकानं महिन्याला ३०० रुपये एका सामाईक खात्यात टाकायला सुरुवात केली. त्यातल्या एका मावशींचं म्हणणं असं होतं की उद्या कुणाचं अडलं तर तेव्हा आपण एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसणार, मग भांडणार. त्यापेक्षा भांडण नसताना पैसे काढून ठेवू. खातं काढल्यावर त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर पाच नावं लिहिली.

सहावं नाव माझ्या पुतण्याचं येणार होतं. त्यांनी नाही म्हटलं. मला वाईट वाटलं, मी कारण विचारलं. मावशी म्हणाल्या, “भाऊ, राग मानू नका. तो रान खंडानं घेतो, पण दुसऱ्याला लावून देतो. स्वतः पेरत नाही.” हे मला, त्याच्या चुलत्याला, माहीत नव्हतं. माझ्या दप्तरात अशा गोष्टीचा रकाना नाही.

२०२० च्या जूनमध्ये प्रत्येकी ४०,००० रुपये मिळाले. सोयाबीन बरं आलं. मग ऑक्टोबरच्या मध्याला तो पाऊस आला. आमच्या बालाघाटाच्या पायथ्याला ज्यांनी तो पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. गटातल्या ज्या बाईची सोयाबीनची गंज ओढ्याकडेच्या रानात होती, ती ताडपत्रीखाली भिजली. चौथ्या दिवशी मी तिथं गेलो. तिनं गंजीत हात घालून मूठभर शेंगा काढल्या. दाण्यांना बोटाच्या पेराएवढे पांढरे कोंब फुटले होते, आत वाफ दाटली होती आणि आंबूस वास येत होता. ती काहीच बोलली नाही. शेंगा परत होत्या तिथं ठेवल्या आणि ताडपत्री नीट ओढली.

मार्च २०२१ मध्ये व्याजासकट सुमारे ४२,२०० भरायचे होते. तिच्याकडं १९,००० होते. पाच जण माझ्या ओसरीवर बसले. तोवर खात्यात २७ महिन्यांचे ४०,५०० साठले होते. कुणाला बैल विकावा लागला नाही. खात्यातून २३,२०० काढले आणि पाचही कर्जं वेळेत भरली. वहीत तिच्या नावापुढं तेवढी बाकी मांडली. तिनं ती कडबा विकून, खुरपायला जाऊन सतरा महिन्यांत फेडली. पुढच्या खरिपाला त्याच बँकेनं प्रत्येकी ५०,००० दिले.

तो हिशेब मांडताना मला तात्यांची बैलजोडी आठवत होती. शेजाऱ्यासाठी पैसे इथंही गेले, तिथंही गेले. पण इथं संकट यायच्या आधी, हात मोकळा असताना, पाच ठिकाणाहून थोडे थोडे बाजूला पडलेले होते. अर्थात बँकेच्या कागदावर त्या पाचांचीही जबाबदारी पूर्णच होती. खात्यात कमी पडलं असतं तर वरचं त्यांनाच भरावं लागलं असतं, आणि पाचांचंही पीक एकदम गेलं असतं तर ती वही काय करणार होती? म्हणून गावातल्या अशा निधीच्या मागं कुणीतरी मोठं उभं लागतं.

युरोपात हे घडवून आणलेलं आहे. इटलीत, पोर्तुगालमध्ये परस्पर हमी संस्था आहेत. पोर्तुगालमध्ये शेतीसाठीच आग्रोगारांते नावाची संस्था काम करते. कर्ज हवं असलेला संस्थेचे शेअर घेऊन सभासद होतो, संस्था बँकेला कर्जाच्या ठरावीक हिश्शाची हमी देते, उरलेली जोखीम बँकेची. संस्थेच्या पाठीशी सरकारी निधीची प्रतिहमी, म्हणजे हमीमागची हमी, असते. बँकेलाही थोडा चटका बसणार असतो, त्यामुळं ती कर्ज देताना डोळे उघडे ठेवते. आपल्याकडं शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी असं काहीसं सुरू झालं आहे. नाबार्डची नॅबसंरक्षण ही कंपनी १ कोटीपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के, आणि त्यावर २ कोटीपर्यंत ७५ टक्के हमी देते. मला ते चांगलं वाटतं. पण खंडानं दोन एकर करणाऱ्या बाईपर्यंत ते पोचत नाही. गटाचा स्वतःचा निधी आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट रकमेची सरकारी प्रतिहमी, इतकं साधं काही विकास सोसायटीच्या पातळीवर करता येईल. सोसायटीकडं दप्तर आहे, माणसांची ओळख आहे. मी हे तालुक्याच्या बैठकीत दोनदा मांडलं. अनिष्ट तफावतीचे आकडे दाखवून मला खाली बसवलं गेलं. सोसायट्यांचं देणं त्यांच्या येण्यापेक्षा जास्त झालेलं आहे हे मलाही ठाऊक आहे, मीच ते तक्ते वर्षानुवर्षं भरले. ती तफावत वाढायला सहीवर चाललेला कारभारच कारण आहे असं माझं मत आहे, आणि मी ते तिसऱ्यांदाही मांडणार आहे.

मी २०२४ ला निवृत्त झालो. कागद घेऊन लोक अजून घरी येतात. परवा शेजारच्या वाडीतला एक मुलगा आला, मित्राच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन राहायला निघालेला. फॉर्मवर खुणेच्या फुल्या मारून दिल्या होत्या, रकमेची जागा कोरी होती. मी त्याला कलम १२८ वाचून दाखवलं, मग विचारलं, आकडा कुठं आहे? तो म्हणाला, साहेब नंतर भरतील. मी पेन त्याच्या हातात दिलं नाही. बँकेत जा, रक्कम लिहून घे, जमलं तर एवढ्यापुरतीच माझी हमी असं लिहून घे, आणि दुसरा जामीनदार कोण आहे त्याचं नाव, पत्ता विचारून ये, असं सांगितलं.

संध्याकाळी तो परत आला. आकडा भरलेला होता, दुसरं नाव त्यानं वहीच्या कागदावर लिहून आणलं होतं. ओसरीवर बसून दोन्ही त्यानं मला वाचून दाखवलं, आणि मग सही केली.