पद्मिनीचा स्पीकर: गाडी तापकीर गल्लीत नेऊ नका, आणि "सगळे सेम असतात" ऐकू नका

सगळ्यात आधी हे वाचा. जुन्या गाडीचा ओरिजिनल स्पीकर काढला की पहिल्यांदा मल्टीमीटर लावा आणि किती ओहम (म्हणजे करंटला किती अडथळा) येतात ते लिहून ठेवा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, उलट दुकानदार छातीठोक म्हणाला, "चार काय न आठ काय, सगळे सेम असतात साहेब", आणि त्यापायी माझा रेडिओ जळाला.

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, बाबांनी घेतलेली. मिडियम वेव्हचा रेडिओ तेव्हाच बसवून घेतलेला आणि स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीत, सहा बाय चार इंची लंबगोल. तिथं दिवसभर ऊन. कागदी कोन, म्हणजे आवाज काढणारा पडदा, कडेनं पापडासारखा तडकलेला, बातम्या लावल्या तरी नुसती फरफर.

शनिवारी संध्याकाळी पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गाडी घेऊनच निघालो. अप्पा बळवंत चौकातून पासोड्या विठोबापर्यंत चालत दहा मिनिटं पण लागत नाहीत, मला पाऊण तास लागला. पाऊण तास!! पहिला गिअर, न्यूट्रल, परत पहिला, क्लच दाबून दाबून डावा पाय थरथरायला लागला, दोन्ही बाजूंनी टू-व्हीलर आरसे घासत जातायत, टेंपरेचरचा काटा वर चढतोय आणि मागचा रिक्षावाला हॉर्नवरून हात काढत नाही. एवढं करून तिथं गाडी लावायला जागा नाहीच, मंडईकडे जाऊन लावली आणि परत चालत आलो. जुन्या गाडीच्या इंजिनवर असा अत्याचार कोणी करू नका. स्पीकर पिशवीत घाला, मेट्रोनं कसबा पेठ स्टेशनला उतरा आणि चालत जा.

आता दुकान. फाटक्या खोक्यातला स्पीकर "कंपनीचा ओरिजिनल" म्हणून दिला, १,४५० रुपये घेतले, बिल नाही. पुढच्या आठवड्यात अगदी तोच पीस चार दुकानं सोडून ४८० ला बघितला. तीनपट! मी दमलो होतो, गाडी मंडईला अडकली होती, म्हणून घासाघीस केलीच नाही. दमलेल्या माणसानं तिथं काही विकत घेऊ नये, सरळ चहा प्यावा आणि घरी यावं.

घरी लावला, पहिल्या दिवशी आवाज दणदणीत. तिसऱ्या दिवशी सिंहगड रोडवर आवाज आधी घोगरा झाला, मग जळका वास आला आणि सगळं शांत. माझा जुना स्पीकर आठ ओहमचा होता (मीटरवर साधारण सहा-सात दिसतात, कारण मीटर फक्त तारेचा रेझिस्टन्स मोजतो), हा नवा चारचा. ओहम निम्मे झाले की तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट, तो सगळा आउटपुटच्या ट्रान्झिस्टरमधून जातो, आणि त्या काळच्या बऱ्याच रेडिओत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, ते तापले की लीकेज (नको असताना झिरपणारा करंट) वाढतं, लीकेज वाढलं की आणखी तापतात, आणि जातात. दुकानदारानं परत घेतला नाही, "चालू होता ना नेताना" एवढंच.

रविवारी जुना बाजार. तिथं मजा आली, फार सांगण्यासारखं नाही. बुधवार आणि रविवार भरतो, सकाळी लवकर जा, खिशात दीड व्होल्टचा सेल आणि दोन वायरी ठेवा. सेल क्षणभर टेकवला की स्पीकरनं टक् करायला पाहिजे, नाही केलं तर कॉइल (कोनाला चिकटलेली तारेची गुंडाळी) तुटलेली, विकणारा कितीही शपथा घेऊ दे. कोनावर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून सरळ दाबा, खरखर लागली तर कॉइल घासतेय, ठेवून द्या.

शेवटी जे आधीच करायला पाहिजे होतं ते केलं, जुनाच स्पीकर रिकोन केला, म्हणजे आतले हलणारे भाग नवे बसवून घेतले. भवानी पेठेत मंडळांचे मोठे स्पीकर दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांनी नवा कोन, नवी कॉइल, स्पायडर (कॉइल मधोमध धरणारी चकती) सगळं बसवून ६५० घेतले आणि गोंद वाळायला पूर्ण दिवस ठेवून घेतला. घाई करू नका त्यांना. गणपतीच्या आधी महिनाभर तर जाऊच नका, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दोन गोष्टी स्पष्ट सांगा: कॉइल आठ ओहमचीच पाहिजे, आणि मॅग्नेट उघडायचा नाही. जुने मॅग्नेट अल्निको नावाच्या मिश्रधातूचे, जागेवरून काढले की ताकद कमी होते. कॉइल हलते त्या फटीतला गंज चिकटपट्टीनं निघतो.

ट्रान्झिस्टरची जोडी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या रेडिओवाल्यानं बदलली, ९०० रुपये. नवा स्टिरिओ लावणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, जुन्या रेडिओत स्पीकरची एक वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली असायची, आजच्या बहुतेक सेटला तसं केलं तर सेटच जाईल, दोन्ही वायरी वेगळ्या ओढा.

काल रात्री पार्किंगमध्ये बसून ७९२ वर आकाशवाणी पुणे लावलं. तोच आवाज!! जाड, थोडा नाकातला, लहानपणी मागच्या सीटवर झोपताना डोक्यामागून यायचा तो. आई खाली आली आणि दार उघडून मागे जाऊन बसली. फळीवर आता जाड सुती कापड टाकलंय, गाडी उभी असली की ते काढायचं नाही.